पावसाळ्यात आरसीसीबी वारंवार पडणे आणि घरात वीज उतरणे : वायरमन येईपर्यंत काय करावे

मृगाचा पाऊस स्थिरावला की कोकणातल्या अनेक घरांत एकच तक्रार दर वर्षी नव्याने सुरू होते. पावसाची झड आली की बोर्डातला आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, ज्याला बहुतेक जण अजूनही ईएलसीबी म्हणतात, खाली पडतो. वर केला तर थोडा वेळ टिकतो आणि पुन्हा पडतो. ज्या जुन्या घरांत हा स्विचच बसवलेला नाही तेथे पडत काहीच नाही, पण न्हाणीतल्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, ओल्या भिंतीला टेकले की झटका बसतो. वायरमनला फोन करावा तर तो दुसऱ्या वाडीत अडकलेला असतो, वाटेवर झाड आडवे पडलेले असते, आणि मदत पोहोचायला कित्येक तास, क्वचित अख्खा दिवस लागतो. या मधल्या वेळेत घरातल्या माणसांनी काय करावे आणि काय मुळीच करू नये, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. आरसीसीबी पडणे हा बिघाड नव्हे; घरात कोठेतरी वीज नको त्या वाटेने जमिनीत जात आहे, याची ती सूचना आहे. फेजमधून जितका प्रवाह घरात येतो तितकाच न्यूट्रलमधून परत गेला पाहिजे. हे दोन्ही प्रवाह आरसीसीबी सतत ताडून पाहतो आणि त्यांत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फरक दिसला की क्षणार्धात पुरवठा तोडतो. माणसाच्या संरक्षणासाठी घरात बसवतात तो आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. ही मर्यादा विचारपूर्वक ठरवलेली आहे, कारण साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही, आणि त्याच्या काही पट प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. दिव्याच्या जुन्या तारेच्या बल्बलाही याहून कितीतरी जास्त प्रवाह लागतो. म्हणूनच स्विच सारखा पडतो म्हणून वैतागून तो काढून टाकणे, किंवा वायरमनला ‘आजच्यापुरते थेट जोडून द्या’ असा आग्रह करणे, हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत धोकादायक उपाय आहे. आजच्यापुरते म्हणून केलेली ती जोडणी पुढे वर्षानुवर्षे तशीच राहते.

कोकणात हा प्रश्न इतका का छळतो, हे समजून घेतले तर पुढची कृती आपोआप सुचते. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो आणि पाणी शोषून धरतो. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस कोसळतो, आणि आषाढापर्यंत पश्चिमेकडच्या भिंती आतपर्यंत भिजलेल्या असतात. त्या भिंतीत गाडलेल्या पाइपातून गेलेल्या वायरीचे आवरण जुने होऊन तडकले असेल, तर उन्हाळ्यात कोरडी असणारी ती भेग आता ओल्या चिऱ्याला चिकटते. कौलारू घरात आणखी एक वाट असते. एखादे कौल सरकले की गळणारे पाणी वाशावरून माळ्यावर उतरते, तेथून वायरीच्या पाइपात शिरते आणि पाइपातूनच वाहत थेट स्विचबोर्डात येते. बोर्डाच्या खालच्या स्क्रूवर तांबूस गंजाचा ओघळ आणि त्याच्या टोकाला जमलेला पाण्याचा थेंब दिसला, तर पाणी भिंतीतून नव्हे तर वरून पाइपातून आले आहे, असे समजावे. ओलीपासून बचावासाठी मुंग्याही याच दिवसांत बोर्डात घर करतात आणि त्यांनी आणलेली ओली माती वायरी जोडण्याच्या दोन टोकांमध्ये पूल बांधते. किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या वाऱ्याने जोड गंजतात, तो भाग वेगळाच.

त्यात अर्थिंगची गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. कातळावर बांधलेल्या घराच्या अर्थिंगचा खड्डा खोल जात नाही आणि कातळ वीज सहज वाहू देत नाही. समजा, अशा अर्थिंगचा रोध ५० ओहम आहे आणि फ्रिजच्या पत्र्यात २३० व्होल्टची फेज उतरली. तर अर्थिंगमधून जेमतेम साडेचार अँपिअर प्रवाह वाहील. १६ अँपिअरच्या एमसीबीला, म्हणजे प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला तरच पडणाऱ्या स्विचला, हा प्रवाह नेहमीच्या वापरासारखाच वाटतो, त्यामुळे तो पडत नाही आणि फ्रिजचा पत्रा तासन्‌तास जिवंत राहतो. ‘आमच्याकडे अर्थिंग आहे आणि एमसीबीही आहेत’ एवढ्यावर कातळावरच्या घराने निर्धास्त राहू नये, याचे कारण हेच. अशा घरात जीव वाचवू शकणारे साधन म्हणजे आरसीसीबी.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आरसीसीबी पडला की तो लगेच वर करू नये. आधी बोर्डाकडे नीट पाहावे, कान द्यावा, वास घ्यावा. बोर्डावर किंवा मीटरच्या पेटीवर पाणी ओघळत असेल, आतून चरचर ऐकू येत असेल, जळका वास येत असेल, किंवा बोर्डाखालची जमीन ओली असेल, तर बोर्डाला हात लावायचा नाही आणि कोणालाही लावू द्यायचा नाही. मेन स्विच वेगळ्या, कोरड्या जागी असेल आणि तेथवर कोरड्या जमिनीवरून जाता येत असेल, तरच पायात कोरडी रबरी चप्पल घालून, हात पुसून, एका हाताने तो बंद करावा. तसे शक्य नसेल तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर फोन करून मीटरच्या पेटीत पाणी शिरल्याचे सांगावे आणि पुरवठा खांबावरून तोडण्याची मागणी करावी. ठिणग्या किंवा धूर दिसला तर विजेच्या आगीवर पाणी मारू नये. घरातल्यांना बाहेर काढावे आणि ११२ वर कळवावे.

बोर्ड कोरडा असेल आणि वर सांगितलेले कोणतेही लक्षण नसेल, तर दोष कोणत्या भागात आहे एवढे शोधता येते. त्यासाठी झाकण उघडण्याची किंवा पेचकस हाती घेण्याची मुळीच गरज नाही. प्रथम घरातल्या सर्व उपकरणांचे प्लग काढावेत; नुसते बटण बंद करणे पुरेसे नसते, आणि ते का, हे पुढे येईल. मग सगळे एमसीबी खाली करून आरसीसीबी वर करावा. तो टिकला तर एकेक एमसीबी वर करत जावे आणि प्रत्येकानंतर मिनिटभर थांबावे. ज्या एमसीबीला आरसीसीबी पडतो, त्या भागात दोष आहे; तो एमसीबी खालीच ठेवावा, त्यावर चिकटपट्टी लावून ‘वर करू नये’ असे लिहावे आणि बाकीचे घर चालू करावे. बहुतेक वेळा हा भाग म्हणजे न्हाणीतला गिझर, पडवीतला किंवा अंगणातला दिवा, नाहीतर विहिरीवरचा पंप असतो. पंपाचा स्टार्टर उघड्या मांगरात (शेतातल्या खोपटात) किंवा नुसत्या पत्र्याखाली असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्यावा.

सर्व एमसीबी चालू होऊनही आरसीसीबी टिकला, तर दोष एखाद्या उपकरणात आहे. मग उपकरणे एकेक करून लावावीत. जे लावल्यावर आरसीसीबी पडेल ते बाजूला ठेवावे. बादलीत हीटरची कांडी लावून पाण्यात हात घालून तापमान बघण्याची कोणाला सवय असेल, तर ती कांडी पावसाळाभर कपाटात ठेवावी, अशी कळकळीची विनंती आहे.

हा शोध घेताना एक चकवा लागतो, आणि त्यात चांगले जाणकारही फसतात. घरातले बहुतेक एमसीबी एकपदरी असतात, म्हणजे ते फक्त फेज तोडतात; न्यूट्रल जोडलेलाच राहतो. न्हाणीच्या ओल्या भिंतीत न्यूट्रलची वायर उघडी पडून अर्थला टेकली असेल, तर न्हाणीचा एमसीबी खाली असतानाही दोष तसाच कायम असतो. घरात वापर फारसा नसेल तेव्हा आरसीसीबी टिकतो, आणि स्वयंपाकघरात मिक्सर लावला की परतणाऱ्या प्रवाहाचा काही भाग त्या ओल्या भिंतीतून जमिनीत जातो आणि आरसीसीबी पडतो. मग दोष मिक्सरवर येतो, मिक्सर दुरुस्तीला जातो, आणि आठवड्याने तेच घडते. म्हणून कोणतेही जड उपकरण लावले की, मग ते कोणतेही असो, आरसीसीबी पडत असेल, किंवा सर्व एमसीबी खाली असतानाही तो टिकत नसेल, तर शोध तेथेच थांबवावा. हे काम मेगर, म्हणजे वायरीचे आवरण वीज किती रोखते ते मोजणारे यंत्र, घेऊन येणाऱ्या वायरमनचे आहे. उपकरणाच्या बटणाचेही असेच असते: ते एकच तार तोडते, म्हणून प्लग काढल्याशिवाय उपकरण घराच्या वायरिंगपासून खऱ्या अर्थाने वेगळे होत नाही.

ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. मेन स्विच बंद केला की घरात वीज नाही, असे आपण गृहीत धरतो. परंतु इन्व्हर्टर चालू असेल तर दिवे-पंख्यांच्या वायरीत २३० व्होल्ट तसेच असतात. भिंतीत वीज उतरल्याचा संशय आला की मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करावेत. मूक उभ्या असलेल्या पंख्याकडे पाहून खात्री करू नये. जनरेटर आणला असेल तर तो घराच्या बोर्डाला जोडणे टाळावे. त्यावर लागणारी उपकरणे थेट जोडावीत. योग्य बदली स्विच नसताना बोर्डाला जोडलेल्या जनरेटरची वीज उलटी खांबापर्यंत पोहोचते आणि लाइन बंद आहे असे समजून वर चढलेल्या लाइनमनचा जीव घेऊ शकते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळल्यानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या भागांतली अनेक गावे दीर्घकाळ अंधारात होती. अशा दिवसांत गावात कोणाकडे जनरेटर चालू आहे हे लाइनमनला आधी सांगणे, ही शेजारधर्माइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे.

आरसीसीबी नसलेल्या घरात नळाला, भिंतीला किंवा उपकरणाला झिणझिण्या जाणवल्या, तर पुन्हा हात लावून खात्री करण्याचा मोह आवरावा. टेस्टरवरही विसंबू नये. टेस्टरचा दिवा लागायला अगदी नगण्य प्रवाह पुरतो, त्यामुळे तो लागला म्हणून धोका किती आहे हे कळत नाही. आणि कोरड्या चपलेत, कोरड्या पाटावर उभे राहून पाहिले तर वीज असूनही तो मिणमिणता दिसू शकतो. थेट मेन बंद करावा आणि दुरुस्ती होईपर्यंत बंदच ठेवावा. एक रात्र कंदील किंवा विजेरीवर काढणे शक्य आहे. लहान मुलांना आणि अनवाणी वावरणाऱ्या वडीलधाऱ्यांना न्हाणीपासून दूर ठेवावे. गुरे असतील तर गोठ्याची वायर आधी पाहावी, कारण ओल्या जमिनीवर चार पाय टेकून उभ्या असलेल्या जनावराला माणसापेक्षा कमी विजेनेही गंभीर इजा होते. गाय किंवा म्हैस गोठ्यात शिरायला अडत असेल, तर तिला मारून आत ढकलू नये. आधी मेन बंद करावा.

दोष घराच्या आत नसून बाहेर असण्याची शक्यताही तितकीच असते. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर पागोळीच्या पत्र्यावर टेकलेली असेल, तर वाऱ्याने घासून घासून तिचे आवरण झिजते आणि एके दिवशी अख्खा पत्रा जिवंत होतो. त्या पत्र्याच्या खांबाला कपडे वाळत घालण्याची तार बांधलेली असेल, तर ती तारही जिवंत होते, आणि पावसाने ओढ दिलेल्या सकाळी ओले कपडे घेऊन बाहेर येणारे माणूस सर्वप्रथम तिलाच हात लावते. हा अपघात इतका सहज टाळता येतो की त्याबद्दल वाटणारी हळहळ दुप्पट होते. कपड्यांसाठी लोखंडी किंवा तांब्याची तार वापरूच नये. नायलॉनची दोरी लावावी आणि ती विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताणाच्या तारेला कधीही बांधू नये. अशी शंका आली तर घराचा मेन बंद करून काही उपयोग नसतो, कारण सर्व्हिस वायर मीटरच्या आधी, खांबाच्या बाजूला आहे. १९१२ वर किंवा गावच्या लाइनमनला कळवून पुरवठा वरून तोडून घेणे हाच मार्ग आहे. मीटरपर्यंतची बाजू महावितरणची आणि त्यापुढची आपल्या खासगी वायरमनची, हे लक्षात ठेवले तर फोन योग्य ठिकाणी जातो.

वादळी पावसात आणखी एक प्रकार घडतो. काही दिवे एकदम भगभगीत होतात, शेजारच्या घरचे मंद होतात, पंखा वेड्यासारखा फिरू लागतो. खांबावरचा न्यूट्रल तुटल्याचे हे लक्षण आहे. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल सुटला की एखाद्या घराला २३० व्होल्टऐवजी ४०० च्या जवळपास दाब मिळू शकतो. येथे विचार करत बसायला वेळ नसतो. जो जवळ असेल त्याने तत्काळ मेन बंद करावा, आणि शेजाऱ्यांना हाक मारून बंद करायला सांगावे. टीव्ही, फ्रिज यांचे प्लगही काढून ठेवावेत.

एखाद्याला प्रत्यक्ष शॉक बसला तर त्याच्याकडे धावत जाऊन त्याला धरणे ही स्वाभाविक पण जीवघेणी प्रतिक्रिया आहे; एकाच्या जागी दोघे जातात. सर्वप्रथम मेन बंद करावा. तो लांब असेल किंवा सापडत नसेल, तर कोरड्या जागेवर उभे राहून प्लास्टिकची खुर्ची किंवा पीव्हीसीचा कोरडा पाइप वापरून त्याला वायरीपासून ढकलावे. कोकणातल्या पावसात येथे विशेष सावध राहिले पाहिजे, कारण दाराशी उभी असलेली बांबूची काठी किंवा माडाची पिडी आतपर्यंत ओली असते आणि ओले लाकूड वीज वाहते. ही युक्ती फक्त घरातल्या वायरीसाठी आहे. खांबावरची तार तुटून पडली असेल, तर ती ११ हजार व्होल्टची आहे की साधी, हे पाहून ओळखता येत नाही. तिच्यापासून किमान १० मीटर दूर राहावे, काठीने ती बाजूला करू नये, आणि आपण आधीच जवळ असलो तर लांब ढांगा न टाकता, दोन्ही पावले जुळवून, छोट्या उड्या मारत दूर जावे, कारण ओल्या जमिनीत दोन पावलांच्या अंतरातही विजेच्या दाबाचा फरक असतो.

माणूस मोकळा झाला की तो हाकेला प्रतिसाद देतो का आणि नीट श्वास घेतो का, ते पाहावे. प्रतिसाद नसेल आणि श्वास थांबला असेल किंवा मधूनच धाप लागल्यासारखा येत असेल, तर एकाने १०८ वर फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच छातीदाब सुरू करावा: सपाट, टणक जमिनीवर उताणे झोपवून, छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, हात कोपरात ताठ ठेवून, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, प्रौढ व्यक्तीची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबेल असा जोर द्यावा. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दमायला झाले की दुसऱ्याने जागा घ्यावी, पण थांबू नये. विजेच्या धक्क्याने बंद पडलेले हृदय वेळेवर मदत मिळाली तर पुन्हा सुरू होण्याची आशा असते, म्हणून ‘आता गेलाच’ असे ठरवून हात आखडता घेऊ नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, कांदा हुंगवण्यात आणि पायाला माती चोळण्यात वेळ घालवू नये. भाजले असेल तर वीज तुटल्याची खात्री करून त्या जागेवर २० मिनिटे वाहते साधे पाणी सोडावे; तूप, टूथपेस्ट, शाई काही लावू नये. माणूस लगेच उठून बसला आणि ‘मला काही झाले नाही’ म्हणाला, तरी भाजल्याची खूण असल्यास, छातीत धडधडत असल्यास, क्षणभर शुद्ध हरपली असल्यास किंवा स्त्री गरोदर असल्यास दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्यावा. बाहेर दिसणारा डाग छोटा असला तरी आतले नुकसान मोठे असू शकते.

नदीकाठच्या घरांसाठी पुराबद्दल थोडक्यात: २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणात वाशिष्ठीचे पाणी ज्या वेगाने चढले, तो पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. पाणी उंबऱ्याशी आले की ते खालच्या प्लगपर्यंत पोहोचण्याआधी मेन आणि इन्व्हर्टर बंद करावेत, आणि घरात पाणी भरल्यावर मेनकडे पाण्यातून चालत जाऊ नये. पूर ओसरल्यावर वायरिंग तपासल्याखेरीज वीज सुरू करू नये. बोर्ड वरून कोरडा दिसला तरी पाइपांत गाळ आणि पाणी साचलेले असते.

वायरमनची वाट पाहताना एका कागदावर नोंद करून ठेवावी: आरसीसीबी कधी पडला, तेव्हा पाऊस होता का, कोणता एमसीबी वर केल्यावर पडला, कोणत्या जागी झटका जाणवला, वर कौल कोठे गळते. ‘लाइट सारखी जाते’ एवढ्या माहितीवर वायरमन अंदाजाने बोर्ड बदलतो. या नोंदीवर तो थेट दोषाच्या भिंतीपाशी जातो. तो आला की मेगरने प्रत्येक भागाचा इन्सुलेशन रोध मोजून मागावा. तो १ मेगाओहमपेक्षा कमी भरला तर त्या भागातली वायर बदलायची, आणि ओल्या भिंतीतून नेण्याऐवजी आतल्या कोरड्या भिंतीवरून उघड्या पट्टीतून नेली तर पुढच्या वर्षी हीच पाळी येत नाही. अर्थिंगचा रोधही त्याच वेळी मोजून घ्यावा, आणि कातळावरचे घर असेल तर नवा खड्डा विहिरीच्या किंवा मोरीच्या बाजूला, बारमाही ओल राहते अशा मातीत घ्यावा. शेवटी त्याच्यासमोरच आरसीसीबीवरचे ‘टेस्ट’ बटण दाबून पाहावे. दाबताच स्विच पडला पाहिजे. न पडल्यास तो बदलूनच घ्यावा, आणि पावसाळ्यात दर महिन्याला हे बटण दाबून पाहत राहावे. मात्र हे बटण फक्त स्विचची तपासणी करते, अर्थिंगची नव्हे, म्हणून अर्थिंगचे मोजमाप वैशाखात, जमीन सर्वांत कोरडी असताना, वेगळे करून घ्यावे.